चोचींची कमान

प्रमोदिनी ताम्हनकर जुन्या चर्चेसच्या नादाला लागली ती ब्रिजचा वर्ग भरला म्हणून. १९८६च्या सप्टेंबरात लेस्टरच्या ॲडल्ट एज्युकेशन सेंटरमध्ये ती नाव घालायला गेली, तेव्हा पत्त्यांच्या वर्गात एकही खुर्ची उरली नव्हती. काउंटरवरच्या बाईनं यादी तिच्याकडे वळवली. मंगळवारी सकाळी दोनच वर्ग रिकामे होते. एक लॅम्पशेड करायला शिकवणारा आणि दुसरा 'नॉर्मन काळातली चर्चेस आणि त्यांचं शिल्प' असा. घरात लॅम्पशेड भरपूर होत्या.

तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. पुण्यात मुलींच्या शाळेत तिनं नऊ वर्षं गणित शिकवलं होतं आणि भूमितीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९७३ साली नवरा, डॉक्टर पद्माकर, इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाला आणि तीन वर्षांच्या मंजिरीला घेऊन ती मागोमाग आली. इथे तिच्या बी.एड.ला कोणी विचारलं नाही. आणखी एक वर्ष इथला कोर्स करा, मग बघू, असं कौन्सिलनं कळवलं. घर लावणं, मंजिरीची शाळा, पद्माकरच्या ड्युट्या यांत ते एक वर्ष पुढे पुढे सरकत गेलं आणि यायचं ते राहूनच गेलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करून बी.एड. चालू होत नसतं, एवढं तिला कळत होतं.

वर्ग घ्यायला डॉक्टर हिलरी क्रॉफ्ट नावाच्या बाई यायच्या. उंच, पिकलेले केस आखूड कापलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "म्युझियममधला पुतळा आधी विसरा. नऊशे वर्षांपूर्वी इथला पाथरवट पुतळे करत नव्हता, तो इमारत करत होता. खांबाच्या माथ्यावर ओझं पेलणारा जो दगड, त्याच्यावरच तो सिंह कोरायचा. दगडाला कोपरा आला की सिंहानं मान मुरगळून त्या कोपऱ्यात बसायचं. दगडाचं काम आधी, सिंह नंतर."

प्रमोदिनीला हे मनापासून पटलं. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात तिनं लहानपणी असेच खांब पेलणारे बुटके यक्ष पाहिले होते आणि वडिलांना विचारलं होतं, हे आधी केले की खांब आधी? वडील म्हणाले होते, चल, बस चुकेल.

दोन वर्षं ती वर्गाला जात राहिली. १९८८ साली डॉक्टर क्रॉफ्टबाईंच्या पुढाकारानं नॉर्मन काळातल्या कोरीव दगडांची पाहणी सुरू झाली. गावोगावच्या चर्चमध्ये जायचं, प्रत्येक कोरीव दगडाची मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि छापील फॉर्म भरायचा. सगळे व्हॉलंटियर. कोणी निवृत्त पोस्टमास्तर, कोणी लायब्ररीतली बाई. प्रमोदिनीच्या वाट्याला लेस्टरशायरच्या पूर्वेकडची चौदा गावं आली. जुनी 'मेट्रो' नावाची छोटी मोटार घेऊन ती एकटीच निघायची. डिकीत टेप, टॉर्च, गुडघे टेकायला उशी आणि डब्यात मेथीचे ठेपले.

पद्माकरला या उद्योगाचं हसू यायचं. "मी माणसांना झोपवतो, तू दगडांना उठवतेस," तो म्हणायचा.

"तुमची माणसं उठल्यावर तक्रार करतात," ती म्हणायची. "माझे दगड करत नाहीत."

१९८९च्या ऑक्टोबरात ती ऑस्केबीला पोचली. चाळीसएक घरांचं गाव, एक पब, एक चर्च. चर्चचं दक्षिणेचं दार नॉर्मन काळातलं, वर अर्धवर्तुळाची साधी कमान आणि त्या कमानीभोवती एक ओबडधोबड पट्टा. मूळचे दगड काढून नंतर कोणी चुनागिट्टी भरावी तसा तो पट्टा दिसत होता. तिथले धर्मगुरू, व्हिकर रेव्हरंड ॲडलम, स्वतः दाखवायला आले. गोल चेहऱ्याचा, बोलका, सगळ्यांशी गोडीनं वागणारा माणूस.

"इथे चोचमुखं होती," ते म्हणाले. "पक्ष्यांच्या डोक्यांची एक अख्खी रांग. १८४०च्या सुमाराला डागडुजी चालू असताना बंटिंग नावाच्या शेतकऱ्यानं ती काढून गाडीत घालून नेली आणि आपल्या गोठ्याला लावली. पाच दगड अजून त्यांच्या शेतावर आहेत. तुमच्याच डॉक्टर क्रॉफ्टनी आमच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात बिशप यायचे आहेत. त्याच्या आत पाचही दगड दारावर परत बसवायचा आमचा विचार आहे."

"आणि बंटिंग कुटुंब?"

"आता म्हाताऱ्या मिसेस बंटिंगच उरल्यात. स्वभावानं जरा..." व्हिकरनी वाक्य पुरं केलं नाही. "मापं मात्र तुम्हाला घ्यावीच लागतील. आम्हाला कोणाला त्या फाटकाच्या आत घेत नाहीत."

तिलाही घेतलं नाही. हॅरियट बंटिंग सत्तरीच्या, गमबूट घातलेल्या, काटक बाई. फाटकाला आतून हात लावून उभ्या राहिल्या.

"चर्चनं पाठवलंय?"

"नाही. पाहणीतर्फे आले आहे."

"म्हणजे तेच."

"दगड कोणाचे, ते मला ठरवायचं नाही," प्रमोदिनी म्हणाली. "मला फक्त मोजायचे आहेत. मोजून मी जाईन."

मिसेस बंटिंगनी तिच्याकडे, तिच्या कोटाखालून डोकावणाऱ्या साडीच्या काठाकडे, हातातल्या टेपकडे पाहिलं आणि फाटकाची कडी घातली. प्रमोदिनी परतली. घरी गेल्यावर तिनं एक साधं पत्र लिहिलं. आपण कोण, फॉर्ममध्ये काय काय भरावं लागतं, मालकाची इच्छा नसेल तर नाव छापत नाहीत, एवढंच त्यात होतं. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. 'मंगळवारी दहा वाजता. दुसऱ्या कोणाला आणू नका.'

दगड गोठ्याला नव्हते. दूध ठेवायची एक जुनी दगडी खोली होती, तिच्या भिंतीत छातीच्या उंचीवर चार दगड ओळीनं बसवलेले होते. पाचवा सुटा, दार लागू नये म्हणून टेकवून ठेवलेला. प्रत्येकावर एकेक डोकं. बटबटीत गोल डोळे, कपाळावर आठ्या, आणि खाली रुंद होत गेलेली चोच, जिनं दगडातच कोरलेला एक गोल दांडा घट्ट पकडलेला. पाचही चेहरे निराळे होते. एकाला तर मिशा होत्या.

"आमच्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर असंच एक तोंड असतं," प्रमोदिनी मोजता मोजता म्हणाली. "कीर्तिमुख म्हणतात. त्याला इतकी भूक लागली की खायला दुसरं काही मिळेना, म्हणून त्यानं पायापासून स्वतःलाच खाऊन टाकलं. फक्त तोंड राहिलं."

मिसेस बंटिंग पहिल्यांदा हसल्या. "आमच्या मालकांचे एक काका होते तसे." मग थोड्या वेळानं त्या आपणहून बोलायला लागल्या. १९४९ साली लग्न होऊन त्या या शेतावर आल्या. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी चर्चच्या जत्रेत त्या केक घेऊन गेल्या, तेव्हा टेबलाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय मग, आमचे दगड बरे आहेत ना?" सगळ्या हसल्या. शाळेत त्यांच्या मुलीला पोरं 'दगडचोर' म्हणायची. नवऱ्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण पणजोबांनी खरंच काय केलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो गेला तेव्हा त्याला लेस्टरला क्रिमेटोरियममध्ये नेलं. गावातलं चर्च तीनशे पावलांवर असून.

"तुम्ही एकदाही गेला नाहीत तिथे?"

"त्या केकनंतर नाही," मिसेस बंटिंग म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

प्रमोदिनीनं मापं लिहून घेतली. दगडाची उंची पंचवीस सेंटिमीटर. वरची रुंदी एकवीस, खालची अठरा. कमानीचे दगड असे खाली निमुळतेच असतात, त्याखेरीज ते एकमेकांना धरून वर्तुळात बसायचे नाहीत. पाचही दगडांची मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळत होती. तिनं ती दोनदा घेतली. नऊशे वर्षांपूर्वीच्या कोणा पाथरवटाला तिनं मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

घोळ लक्षात आला तो घरी, जेवणाच्या टेबलावर. फॉर्मसाठी आकृती काढताना तिला सवयीनं वाटलं, दगडाच्या दोन्ही तिरक्या कडा खाली वाढवून बघाव्यात. त्या जिथे भेटतील तो कमानीचा मध्यबिंदू. कागद संपला, रेषा भेटल्या नाहीत. तिनं खाली वर्तमानपत्र चिकटवलं. तेही संपलं. मग तिनं रेषा सोडल्या आणि हिशेब मांडला. पंचवीस सेंटिमीटरांत रुंदी तीननं कमी होते, तर उरलेले अठरा संपायला आणखी दीडशे लागणार. मध्यबिंदू दगडाच्या दीड मीटर खाली. म्हणजे कमान तीन मीटर रुंद.

ऑस्केबीच्या दाराची रुंदी तिच्याच वहीत लिहिलेली होती. एक मीटर वीस.

सकाळची ड्यूटी आटोपून पद्माकर आला तेव्हा वर्तमानपत्रं टेबलावरून ओघळून गालिच्यावर पसरली होती. त्यानं बूट काढून त्यांवरून पाय उचलत उचलत वाट काढली.

"काय झालं?"

"हे दगड त्या दाराचे नाहीतच."

"मग कशाचे?"

"कुठल्यातरी मोठ्या कमानीचे. असे सव्वीस दगड लागतील तिला."

पद्माकरनं आकडे तपासले. भुलीच्या औषधाचं प्रमाण तपासावं तसे, ओठ हलवत, दोनदा. "बरोबर आहे," तो म्हणाला. "आता?"

आता काय, ते तिला आणखी एका मापाशिवाय कळणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती परत ऑस्केबीला गेली आणि या खेपेला दाराकडे न पाहता सरळ आत शिरली. आपल्याकडे सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये जसा अंतराळाचा भाग, तशी तिथे लोकांची बसायची जागा आणि वेदी यांच्यामध्ये एक मोठी कमान होती. ती टोकदार, १३०० सालानंतरची, ऑस्केबीतल्या लोकांना अभिमान वाटावा अशी. पण तिच्या दोन्ही अंगांना, जमिनीलगत, कोणाच्या ध्यानात येणार नाहीत असे दोन जुने दगड होते. पूर्वीच्या खांबांच्या बैठका. नवीन कमान उभारणाऱ्यांनी त्या काढायचे कष्ट घेतले नव्हते, त्यांवरच पुढचं काम रेटलं होतं.

व्हिकर ॲडलमनी टेपचं दुसरं टोक धरलं. गुडघ्यावर बसून त्यांनी हसत विचारलं, "हे कशासाठी?"

"पाहायचं होतं," ती म्हणाली. तीन मीटर दोन सेंटिमीटर.

तिथल्या तिथे तिनं त्यांना सांगितलं नाही. आधी डॉक्टर क्रॉफ्टना फोन केला.

"प्रमोदिनी, चोचमुखं बहुतेक करून दारावरच असतात," त्या म्हणाल्या. "आणि त्या काळचे गवंडी इतके काटेकोर नसायचे. तीन सेंटिमीटर म्हणजे काय, छिन्नीचा एक फटका. आपण पुराव्याला फार ताणू नये. दाराचे म्हणून नोंद करा."

"पाचही दगडांत तोच फटका?" तिच्या तोंडाशी आलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. या देशात सोळा वर्षांत ती "बरं" म्हणायला शिकली होती. कौन्सिलला, शाळेला, शेजाऱ्यांना. म्हटलं की गोष्ट संपायची. फॉर्मवरचा 'मूळ जागा' हा रकाना मात्र तिनं कोराच ठेवला आणि फॉर्म पाठवला नाही.

रविवारी मंजिरीचा केंब्रिजहून फोन आला. ती तिथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. इथे वाढलेल्या मुलांचं जसं असतं तसं तिचं मराठी कुठेही वळायचं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आई, बट द मॅथ्स इज द मॅथ्स. तू त्या बाईला सांगितला का, की तो चुकला?"

"ती चुकली," प्रमोदिनीनं सुधारलं.

"हो, ती. मग सांगितला का?"

"नाही."

"व्हाय नॉट?" प्रमोदिनीनं तिला परीक्षा कधी आहे ते विचारलं.

जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. व्हिकरचा फोन आला की दगड बसवायच्या परवानगीचा अर्ज तयार आहे, त्याला तिची मापं जोडायची आहेत. गवंडी म्हणतो, दगडांवर थोडा हात फिरवावा लागेल, पण बसतील. आणि त्याच आठवड्यात मिसेस बंटिंगचं पोस्टकार्ड आलं. वकिलाचं पत्र आलंय, चर्चची मालमत्ता परत करा म्हणून. 'तुम्ही मोजून जाईन म्हणाला होतात,' एवढंच शेवटी लिहिलं होतं.

ते कार्ड प्रमोदिनीनं फ्रिजवर लावलं. दोन दिवस दूध काढताना वाचलं. तिसऱ्या दिवशी तिनं व्हिकरना फोन करून चर्चच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारलं आणि त्यांनी तारीख सांगितल्यावर म्हणाली, "मला दहा मिनिटं हवी आहेत. आणि एक मोठं टेबल."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये अकरा माणसं जमली. डॉक्टर क्रॉफ्ट लेस्टरहून आल्या होत्या. गवंडी रॉन ग्रीव्ह कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मिसेस बंटिंगना निमंत्रण होतं, त्या आल्या नाहीत.

प्रमोदिनीनं सीरिअलची खोकी कापून पाच तुकडे केले होते, दगडांच्या अचूक मापाचे, प्रत्येकावर पेननं चोच काढलेली. टेबलावर तिनं दाराच्या पट्ट्याची वक्ररेषा कापलेला कागद ठेवला आणि म्हणाली, "हे दार." मग तिनं खोक्याचे तुकडे उचलले. "आता हे पाच दगड त्याच्यावर बसवते." तुकडे खालच्या कडेला एकमेकांना टेकले, पण वरच्या कडेला प्रत्येक दोघांमध्ये फट पडली, बोट जाईल एवढी. हाताची बोटं पसरावीत तसे ते दिसत होते.

"फटीत चुना भरतात की," कोणीतरी म्हणालं.

तिनं दुसरा कागद उलगडला, भिंतीच्या कागदाच्या गुंडाळीवर काढलेला, दीड मीटर त्रिज्येचा. तेच पाच तुकडे तिनं त्यावर ठेवले. कुठेच फट राहिली नाही. "हा वक्र मी या दगडांवरून काढलाय," ती म्हणाली. "आणि तुमच्या वेदीपुढच्या कमानीखाली ज्या दोन जुन्या बैठका आहेत, त्यांच्यामधलं अंतर याच्याशी दोन सेंटिमीटरच्या फरकानं जुळतं. रेव्हरंड ॲडलमनी स्वतः टेप धरला होता."

सगळ्यांनी व्हिकरकडे पाहिलं. व्हिकरनी टेबलाकडे पाहिलं.

"दगड बसवताना थोडे घासता येतील, असं रॉन म्हणाला होता," चर्चच्या समितीचे सेक्रेटरी म्हणाले.

रॉन ग्रीव्ह उठून टेबलापाशी आला. जाड बोटांनी त्यानं एक तुकडा उचलला, उलटा केला, परत ठेवला. "मी दगड नीट पाहिले नव्हते. मला फाटकातून आत सोडलं नव्हतं, तुमच्या सांगण्यावरून म्हणालो," तो म्हणाला. "फटीत एवढा जाड चुना भरला तर दोन थंडीत गळून पडेल. नाहीतर मग खालून दोन्ही अंगांनी एकेक सेंटिमीटरहून जास्त काढावं लागेल. खाली चोच आहे. म्हणजे पाचही चोची मी कापायच्या." त्यानं तुकडा बोटानं मागे सारला. "मी नाही कापणार. ज्यानं हे घडवले त्याला आपण कुठे बसवतोय ते माहीत होतं. बाई बरोबर सांगताहेत."

डॉक्टर क्रॉफ्टनी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी प्रमोदिनीकडे टेप मागितला. प्रत्येक तुकडा मोजला, वक्र मोजला, फॉर्मवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. मग त्यांनी टेप गुंडाळून परत दिला. "म्हणजे १३००च्या सुमाराला गावानं स्वतःच जुनी कमान उतरवली आणि दगड टाकून दिले," त्या म्हणाल्या. "त्यानंतर ते कोणी उचलले, कोणाच्या भिंतीत गेले, याला चोरी म्हणता येत नाही. दारावर ही मुखं कधीच नव्हती. तो पट्टा दुसऱ्याच कशाची तरी दुरुस्ती असणार. मी पुस्तिकेत ऐकीव गोष्ट लिहिली. ती बदलावी लागेल."

एवढं झाल्यावर बैठक छपराच्या गळतीकडे वळली. बंटिंग हे नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

व्हिकर ॲडलम दुसऱ्या दिवशी शेतावर गेले आणि फाटकाबाहेर उभे राहून त्यांनी माफी मागितली. वकिलाचं पत्र मागे घेतल्याचंही सांगितलं. काय बोलणं झालं ते प्रमोदिनीला मिसेस बंटिंगकडून कळलं, मार्चमध्ये ती चहाला गेली तेव्हा.

"चांगला बोलला. थंडीत टोपी काढून उभा होता," मिसेस बंटिंग म्हणाल्या. "मला एक सांगा. हॉलमध्ये तुम्ही ते सिद्ध केलंत, तेव्हा आमच्या घराण्याबद्दल लोक काय म्हणाले?"

प्रमोदिनीनं खरं ते सांगितलं. "काही नाही. छपराचं बोलायला लागले."

"वाटलंच." त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्यांना राग आला आहे की नाही, हे प्रमोदिनीला ओळखता आलं नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि गमबूट घालायला लागल्या. "चला. कुठे बसत होते ते दाखवा."

दोघी शेताच्या कडेनं चालत गेल्या. मंगळवार होता, चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. मिसेस बंटिंग दारात क्षणभर थांबल्या, मग पायपुसण्यावर बूट घासून आत आल्या, बाकड्यांच्या मधून थेट वेदीपर्यंत. प्रमोदिनीनं जमिनीलगतच्या दोन बैठका दाखवल्या आणि मग हातानं हवेत अर्धवर्तुळ काढलं, टोकदार कमानीच्या पोटात, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. "सव्वीस होते. सगळे खाली बघत असणार, आत जाणाऱ्या माणसाकडे."

मिसेस बंटिंग मान वर करून बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. "मिशावाला कुठे असेल?"

"ते मापावरून नाही सांगता येत."

"मधोमध असेल," त्या म्हणाल्या. "तसा तोरा आहे त्याचा."

भिंतीतले चार दगड त्यांनी दिले नाहीत. भिंत पाडायची नाही, माझ्या मागे मुलगी काय ते बघेल, असं त्यांनी व्हिकरना स्वच्छ सांगितलं. सुटा दगड मात्र दिला. रॉन ग्रीव्हनं तो जुन्या बैठकीशेजारी एका ठोकळ्यावर ठेवला. त्या उन्हाळ्यात बिशप आले, त्यांनी दगडाला हात लावून "वा" म्हटलं आणि सगळे चहाला गेले. मिसेस बंटिंग रविवारी चर्चला जायला लागल्या नाहीत. पण दर मंगळवारी त्या तिथे फुलं ठेवायला येतात, असं व्हिकर पुढे एका पत्रात लिहून गेले. वेदीवर नाही, दगडापाशी.

पाहणीचा लेस्टरशायरचा खंड १९९६ साली छापून आला. ऑस्केबीच्या पानावर 'मूळ जागा: वेदीपुढची कमान, मापनाच्या आधारे' असं होतं आणि खाली लहान टायपात प्रमोदिनीचं आडनाव, एक अक्षर गाळून. पद्माकर प्रकाशकाला पत्र लिहायला निघाला होता. तिनं लिहू दिलं नाही. उगाच दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतील आणि पान फाटेल, ती म्हणाली. त्याआधीच डॉक्टर क्रॉफ्टनी नवीन व्हॉलंटियरना मापं घ्यायला शिकवण्याचं काम तिच्यावर सोपवलं होतं. पहिल्या दिवशी नऊजण आले, त्यांत एक निवृत्त न्यायाधीश होते; त्यांना टेपवरचे सेंटिमीटर आणि इंच यांत फरक करता येत नव्हता.

ऑस्केबीनंतर तिनं आणखी एकतीस चर्चेस मोजली. त्यांतल्या शेजारच्या रटलंडच्या हद्दीवरच्या एका चर्चच्या घंटाघरात, जिन्याखाली, तिला एक दगड सापडला. एका बाजूला वेल, दुसऱ्या बाजूला नाक तुटलेला माणूस, आणि कडा अशा की कुठल्याच कमानीत, खांबात, कोपऱ्यात तो बसेना. तिनं तीन वेळा जाऊन मापं घेतली. डॉक्टर क्रॉफ्ट येऊन पाहून गेल्या, रॉन ग्रीव्हही येऊन गेला. शेवटी तिनं 'मूळ जागा'च्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं, फॉर्म पाकिटात घातला आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून भाजी आणायला बेलग्रेव्ह रोडला गेली.